इटलीवालीचं इंजिन

क्षमा हा थोरांचा गुण आहे, असं मी शाळेत आठवीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं. सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलंसुद्धा. संध्याकाळी खोलीवर परत यायचे तेव्हा दारात जिजी बसलेली असायची, आणि दिवसभर शिकवलेलं सगळं ती एका वाक्यात पुसून टाकायची. "माफ करायला मी काय कोर्ट हाय?" हे तिचं वाक्य. त्याचं उत्तर आता मी शोधतही नाही.

जिजी म्हणजे मखमलाबाद रस्त्यावरच्या विधाते मळ्याची मालकीण. नव्वद सालाच्या आसपास मला नाशिकला नोकरी लागली तेव्हा तिच्या मळ्यातल्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. मळा गुलाबाचा. थोडा झेंडू, थोडी शेवंती, बांधाला लावलेली मेथी-कोथिंबीर. जिजी अंगानं काटकुळी, उंचीनं माझ्या खांद्याएवढी. हातांवर गुलाबाच्या काट्यांचे एवढे ओरखडे की बांगड्यांपेक्षा तेच आधी दिसायचे. बोलायची हळू, जवळजवळ प्रेमळ. तिचा आवाज चढला तर समजावं, राग गेला. आवाज खाली आला की मात्र समोरच्यानं गाव सोडावं. सगळा मळा तिला जिजी म्हणायचा आणि आईला करावं तसं अगं-तुगं करायचा. चार दिवसांत मीही करायला लागले.

तिनं कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांना माणसांची नावं ठेवली होती. मला आधी वाटलं, कौतुकानं. मग एका रविवारी तिनं मला रस्सा आणून दिला आणि म्हणाली, "घे, आज तलाठी कापला." ज्याच्याशी तिचं वाकडं असेल त्याचं नाव कोंबड्याला मिळायचं. माणूस सापडत नसेल तर निदान कोंबडा तरी हाताशी असावा, असा तिचा साधा हिशेब होता. माझ्या शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा माझी रजा नामंजूर केली, तर आठवड्याच्या आत मळ्यात एक हेडमास्तर दाणे टिपायला लागला.

पण कोंबडा हा तात्पुरता उपाय. खऱ्या बाबतीत जिजीला घाई नसायची. फूलबाजारातल्या दामूशेठनं एकदा चार बायकांदेखत तिच्या टोपलीत हात घालून फुलं खालीवर केली आणि कालची आहेत म्हणाला. फुलं पहाटे खुडलेली होती. जिजी उठली. टोपली उचलून घरी आली, ती फुलं तिनं मारुतीला वाहिली आणि दसऱ्याची वाट बघत बसली. दसऱ्याला झेंडू सोन्याच्या भावानं जातो, वर्षाची कमाई त्या एका सकाळी होते. त्या सकाळी जिजी बरोबर दामूशेठच्या समोरच्या फुटपाथवर झेंडूची पोती ओतून बसली आणि मातीमोल भावानं विकायला लागली. दुपारपर्यंत दामूशेठची पोती जशीच्या तशी, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूला कोण विचारतो? तिचा मुलगा सोपान घरी येऊन डोक्याला हात लावून बसला, कारण नुकसान आपलंही झालं होतं. जिजी पाय धुता धुता म्हणाली, "एवढ्या पैशात तमाशासुदिक बघायला मिळत नाय."

माझ्यासाठीही तिनं एकदा असंच काम केलं, म्हणून मला तिच्याबद्दल तटस्थ राहून लिहिता येणार नाही. पंचवटीतलं एक स्थळ मला बघायला आलं होतं. पोहे खाऊन, चहा पिऊन, बशी खाली ठेवत मुलानं मध्यस्थाला सांगितलं की मुलगी सावळी आहे, शिवाय जास्त बोलते. हे त्यानं मी आत उभी असताना, मला ऐकू जाईल असं सांगितलं. पुढं त्याचं लग्न दुसरीकडे जमलं आणि हारांची ऑर्डर नेमकी विधाते मळ्यात आली. जिजीनं नवऱ्याच्या हाराचा दोरा गुळाच्या पाण्यात भिजवला आणि हार तासभर आंब्याच्या बुंध्याशी ठेवला. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा नवरदेव अंतरपाटामागं नाचत होता, असं लग्नाला गेलेल्या आमच्या शाळेच्या बाईंनी सांगितलं. मुंग्या लाल होत्या. मी हसता हसता जिजीला विचारलं की नवरीच्या हारात नाही ना घातलंस काही? ती मला रागावली. "तिचा काय गुन्हा? तिला तर जन्मभर तोच हाय."

अशा बाईच्या पदरी देवानं नाना टाकले होते. नाना म्हणजे जिजीचे यजमान, आणि त्यांना राग नावाची गोष्टच माहीत नव्हती. बांधावरून कुणी दोन हात जमीन सरकवली तरी ते म्हणायचे, जाऊ दे, त्याची पोरं जास्त आहेत. त्यांच्याजवळ अभिमानाची वस्तू एकच होती. गोठ्याच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटकरी रंगाची, कमरेएवढ्या उंचीची, लांबलचक नाकाची एक मोटार उभी होती. नाना तिला इटलीवाली म्हणत.

देवळालीला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. त्याची बाग तरुणपणी नाना बघायचे. शेठच्या धाकट्या मुलानं ही शर्यतीची गाडी इटलीहून बोटीनं मागवली, एकदोनदा पळवली, आणि मग त्याचं मन दुसऱ्या कशात तरी लागलं. मूठभर गाड्या काढून बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्यातली ती होती. नाव मला तेव्हाही नीट उच्चारता यायचं नाही. बंगला विकला तेव्हा शेठाणीनं नानांना सांगितलं, बागेची चाकरी केलीस, ही अवदसा घेऊन जा. नानांनी बैलजोडी नेली आणि शर्यतीची गाडी देवळालीहून मखमलाबादपर्यंत बैलांनी ओढत आणली. रस्त्यानं लोक बघायला उभे होते. ही हकिकत नाना मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर रोज सांगत आणि लोक रोज हसत, कारण गाडीचं बॉनेट उघडलं तर आत काहीच नव्हतं.

इंजिन विहिरीवर होतं. दुष्काळाच्या वर्षी विहिरीवरचं पाणी ओढायचं इंजिन बंद पडलं तेव्हा गुलाब डोळ्यांदेखत करपायला लागले. गाडी जीव की प्राण, पण झाडं पोटची. नानांनी इटलीवालीचं ॲल्युमिनियमचं इंजिन उतरवलं, ओट्यावर बसवलं, पट्टा चढवला आणि पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून ते पाणी ओढायला लावलं. त्याचा आवाज ऐकायला लोक बांधावर येऊन उभे राहायचे, असं जिजी सांगायची. त्या उन्हाळ्यात आसपासचे गुलाब गेले आणि विधात्यांचे राहिले. पुढं वीज आली, विजेवरचा पंप आला, आणि इंजिन पंपाच्या खोलीत तसंच बसून राहिलं.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मळ्यात कर्णिक आला. जुन्या मोटारींचा जाणकार म्हणून मुंबईत त्याचं मोठं नाव होतं. त्या काळात अशी माणसं जुन्या बंगल्यांतून, गढ्यांतून, गोदामांतून फिरायची. गोठ्यात सापडलेल्या गाडीसाठी परदेशातले हौशी लोक लिलावात एकमेकांच्या वर बोली चढवतात, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कर्णिक पांढऱ्या शर्टात आला, अत्तराचा वास घेऊन. त्यानं इटलीवालीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकला, रुमालानं कुठलीशी पट्टी पुसली, भिंगातून बघितलं. नाना हात जोडून उभे होते, डॉक्टरसमोर पोराला घेऊन उभं राहावं तसे.

मग कर्णिक उठला आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही डुप्लिकेट आहे. मुंबईत पत्रा ठोकून असल्या गाड्या बनवायचे."

नानांनी बोटीचं सांगितलं, शेठच्या मुलाचं सांगितलं. कर्णिक मान हलवत ऐकत राहिला, वेड्याचं ऐकावं तसं. शेवटी नानांनी त्याला पंपाच्या खोलीत नेऊन इंजिन दाखवलं. त्यानं लांबूनच बघितलं; रॉकेलनं काळं पडलेलं ते धूड त्याच गाडीचं असेल, हे त्यालाही तेव्हा खरं वाटलं नसावं. तेही डुप्लिकेटच आहे, म्हणाला, पडलंय तिथं पडू द्या. वर उपकार म्हणून, सिनेमाच्या शूटिंगला सांगाडा उपयोगी पडेल म्हणून, तो गाडी भंगाराच्या भावानं घेऊन गेला. ट्रक मळ्याबाहेर पडला तेव्हा नाना शेडच्या खांबाला धरून उभे होते आणि जिजी त्यांना म्हणत होती, "मी सांगत व्हते ना, भंगार हाय म्हणून. लोकांपुढं हसं करून घेतलं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि हे वाक्य जिजीनं पुढं जन्मभर स्वतःला ऐकवलं.

कट्ट्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. बबनराव म्हणून नानांचेच जुने दोस्त होते, त्यांनी पहिल्यांदा "या, डुप्लिकेट नाना" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बाजारात, टेम्पोवर, सोसायटीत, सगळीकडे डुप्लिकेट नाना. नानांना राग यायचा नाहीच. ते कट्ट्यावर जायचे बंद झाले. रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसायचे. पुढच्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले आणि पंधरा दिवसांत गेले. शेवटच्या दिवसांत एकदा मी पेज घेऊन गेले तेव्हा ते जिजीला सांगत होते, "इतकी वर्षं लोकांना खोटं सांगितलं गं मी. पोरांना पण खोटं सांगितलं." जिजी त्यांचे पाय चोळत होती.

नानांचे दिवस झाल्यावर महिन्याभरात मळ्यात एक भंगारवाला आला. मुंबईहून टेम्पो घेऊन आलेला. पंपाच्या खोलीतलं जुनं इंजिन आहे ना, ते द्या म्हणाला. जिजी गवत कापत होती. तिनं सहज, सवयीनं, अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. भंगारवाल्यानं खिशात हात घातला.

जिजीचा विळा तिथंच थांबला. आमच्या नाशकात भंगारवाला रद्दीच्या गठ्ठ्यासाठी अर्धा तास भांडतो. तराजू उचलतो, खाली ठेवतो, निघून जातो, कोपऱ्यावरून परत येतो. लग्नात जशी हळद, तशी भंगारात घासाघीस. आणि हा माणूस मुंबईहून आला होता, गल्लोगल्ली भंगारवाले असताना, आणि पहिल्या आकड्याला पैसे काढत होता. जिजीनं त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. मग माझ्या खोलीत आली आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, डुप्लिकेटला कोण एवढ्या लांबून येतं?"

उत्तर मिळायला काही वर्षं लागली. दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले असताना टीपॉयवरचं एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक मी चाळत होते आणि त्यात मला इटलीवाली दिसली. लालभडक, झगझगीत, हिरवळीवर उभी. शेजारी एक म्हातारा परदेशी गृहस्थ आणि हसणारा कर्णिक. नाकाची ती लांबी मी कुठंही ओळखली असती. मी दात तसाच ठेवून मासिक उचललं आणि रिक्षा करून मळ्यात आले.

जिजीला मी अक्षर न् अक्षर मराठीत सांगितलं. जगात अशा गाड्या उरल्या आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या. भारतातल्या एका खेड्यात ही सापडली. शोधून काढणारा कर्णिक. सगळं अस्सल आहे, फक्त इंजिन हिचं नाही, दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं आहे. गाडीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या दप्तरात जोडीनं लिहिलेले असतात, ती जोडी जुळल्याशिवाय खरे शौकीन गाडीला खरी मानत नाहीत. म्हणून हिच्याबद्दल जाणकारांत कुजबुज आहे. हे शेवटचं वाक्य जिजीनं मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे नाना खरं बोलत व्हते," ती म्हणाली. मी म्हणाले, हो. ती उठली, नानांच्या फोटोसमोर गेली, आणि मला वाटलं आता रडेल. ती फोटोला म्हणाली, "आयकलं का?" एवढंच. मग बाहेर येऊन कोंबड्यांना दाणे टाकायला लागली.

त्या वर्षापासून मळ्यात कर्णिक नावाचा एक कोंबडा होता. रुबाबदार, पांढरा. रस्सा व्हायच्या लायकीचा झाला, जून झाला, पार म्हातारा होऊन मान डगडगायला लागली, तरी जिजीनं त्याच्यावर सुरी चालवली नाही. सोपाननं एकदा विचारलं तर म्हणाली, "याला इतक्या सस्त्यात नाय."

पंपाच्या खोलीला तिनं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मला राहवत नसे. मी म्हणायचे, पोलिसांत जाऊ, पेपरात देऊ, त्या परदेशी माणसाला मी इंग्रजीत पत्र लिहिते. ती नको म्हणायची. "तो येईल. बिनइंजिनाची गाडी घेऊन कुठवर पळंल?" देवाच्या काठीला आवाज नसतो, असं आपण म्हणतो. जिजी त्यापुढं आपलं घालायची, "पण देवाला लय कामं हायेत. काठी आपण उचलायची."

कर्णिक आला तो पुढच्या दशकात, गणपतीच्या दोन महिने आधी. केस रंगवलेले, हातात काठी, अत्तर मात्र तेच. त्या परदेशी गृहस्थानं गाडी लिलावात काढायचं ठरवलं होतं आणि इंजिनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. मूळ इंजिन कुठं आहे ते मला ठाऊक आहे, आणून देतो, असं कर्णिक सगळ्यांना सांगून बसला होता. न आणलं तर त्या बाजारात त्याच्या शब्दाला कुणी कुत्रं विचारणार नव्हतं, आणि शब्द हेच त्याचं दुकान. हे सगळं त्यानंच सांगितलं, अजिजीनं, जिजीच्या ओट्यावर बसून. मागाल ती रक्कम देतो म्हणाला.

जिजीनं रकमेचं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, "पैशाचं मागून. आधी खरं बोल. माईकवर."

आमच्या मळ्याच्या तोंडाशी गणेश मंडळ बसायचं. आरती झाली की माईकवरून सूचना व्हायच्या. उद्याच्या महाप्रसादाला भाजी चिरायला यावे, कुणाची तरी चावी सापडली आहे, रांगोळी स्पर्धेची नावं द्यावीत. जिजीची अट अशी की त्या माईकवर, सगळ्या वस्तीदेखत, कर्णिकनं नानांच्या गाडीबद्दल बोलायचं. तोवर पंपाची खोली उघडणार नाही. कर्णिकनं खूप आढेवेढे घेतले. झालं गेलं विसरा म्हणाला. शेवटी कबूल झाला. त्याला वाटलं असेल, चार खेडवळ लोकांसमोर चार शब्द, त्यात काय एवढं.

ठरलेल्या संध्याकाळी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि मंडळाच्या अध्यक्षानं माईक कर्णिकच्या हातात दिला. तो सफाईनं बोलला. कैलासवासी नाना विधाते यांच्याकडे असलेली मोटार अस्सल इटालियन होती, माझ्या पाहण्यात चूक झाली होती, त्याबद्दल दिलगीर आहे. लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. पहिल्या रांगेत जिजी बसली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "चूक नाय."

कर्णिकनं तिच्याकडे पाहिलं. "चूक नाय," ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच खालच्या आवाजात, पण माईक जवळ असल्यामुळे ते सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. "चूक कुणाची पण व्हती. तू काय केलं ते सांग."

कर्णिकनं माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग कर्णिक म्हणाला, "मी खोटं बोललो. गाडी खरी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नाना खरं सांगत होते." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागं खुर्चीत बसलेल्या बबनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान वर केली नाही. मला त्यांचीसुद्धा दया आली नाही. मी जिजीकडे बघत होते. तिनं पदर सारखा केला, उठली, आणि कर्णिकला म्हणाली, चला, काही खाऊन घ्या.

अंगणात चुलीवर आप्पेपात्र चढवलेलं होतं. तिच्या हातचे आप्पे वस्तीत नावाजलेले. सोपान खाली मान घालून वाढत होता. कर्णिकनं आधी नको नको म्हटलं, पण काम झाल्याच्या आनंदात त्याला भूक लागली असावी. खोबऱ्याच्या चटणीबरोबर त्यानं पोटभर खाल्ले, वर आणखी मागून घेतले. बोटं चाटून झाल्यावर त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि इंजिन बघू या का म्हणाला.

"बघितलं की," जिजी म्हणाली. "त्याच्यातलेच तर खाल्ले."

त्याला समजलं नाही. मलाही नाही. जिजीनं फडक्यात धरून चुलीवरचं पात्र उतरवलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. जाड, ओतीव, ॲल्युमिनियमचं. तसंच एक माझ्याही घरी होतं. महिन्याभरापूर्वी तिनं वस्तीतल्या घराघरांत नानांच्या आठवणीला म्हणून आप्पेपात्रं वाटली होती. कडेला नावही कोरलेलं होतं, कैलासवासी नाना विधाते यांच्या स्मरणार्थ. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतातच, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. "सातपूरला भट्टीवर दिलं आन् ओतून घेतलं," जिजी सांगत होती. "ह्या वस्तीत एक घर नाय जिथं तुझं इंजिन नाय."

कर्णिक उठून पंपाच्या खोलीकडे धावला. काठी ओट्यावरच राहिली. जिजीनं गळ्यातली किल्ली काढून सोपानकडे दिली आणि सोपाननं कुलूप उघडलं. आत ओटा होता आणि ओट्यावर तेलाचा काळा डाग. कर्णिक चौकटीला धरून उभा राहिला. बरोबर नाना शेडच्या खांबाला धरून उभे होते तसा, हे माझ्या डोळ्यांनी टिपलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो परत आला तेव्हा रडत होता. अशी इंजिनं जगात किती उरलीत ठाऊक आहे का तुम्हाला, कसं करवलं तुम्हाला हे, असं काहीतरी म्हणत होता. जिजीनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"तूच म्हणला व्हता ना, डुप्लिकेट हाय," ती म्हणाली. "मी आडाणी बाई. जाणकार माणसाचा शब्द मानला."

जाताना त्यानं ते आप्पेपात्र मागितलं. जिजीनं घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. गाडीत मागच्या सीटवर ते मांडीवर घेऊन तो बसला होता, दोन्ही हातांनी धरून. दुसऱ्या दिवशी मळ्यातला कर्णिक नावाचा म्हातारा कोंबडा जिजीनं कापला. शिजायला फार वेळ लागला. जिजी, सोपान आणि मी, आम्ही तिघांनी खाल्ला.

पुढं मळ्याचे प्लॉट पडले. मी माझ्या फ्लॅटमध्ये गेले, जिजी सोपानबरोबर इंदिरानगरला त्यानं बांधलेल्या रो-हाउसमध्ये गेली. मी मध्ये मध्ये जायचे. शेवटची गेले तेव्हा ती मागच्या अंगणात कॉटवर बसलेली होती. फारच वाळली होती, डोळे तेवढे जागेवर होते. बोलता बोलता मी म्हणाले की तुझ्या इंजिनाच्या पात्रात कालच आप्पे केले, एक चिकटत नाही. सोपानची बायको फिस्सकन हसली. जिजीनं तिला डोळ्यांनी दटावलं, मग मलाच जवळ बोलावलं आणि कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट केलं. "उचल."

ताडपत्रीखाली पोती होती. पोत्यांखाली, तेल लावून चकचकीत ठेवलेलं, इटलीवालीचं इंजिन होतं. त्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू होता. आप्पेपात्रं सातपूरहून नवीन माल घेऊन ओतवली होती. इंजिन त्याआधीच टेम्पोनं इंदिरानगरला, तेव्हा बांधकाम चालू होतं त्या घरात, आणून ठेवलं होतं. सोपानला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मान खाली घालून तो आप्पे वाढत होता तो दुःखानं नव्हे.

मी ताडपत्री हातात धरूनच तिच्याकडे वळले. "नानांनी आख्खा मळा जगवला त्याच्यावर," जिजी म्हणाली. "त्याला भट्टीत घालीन मी?" मग म्हणाली, "त्यानं जे खरं व्हतं त्याला खोटं म्हणलं. नाना तेच खरं धरून मेले. आता त्यानं पण माझं खोटं खरं धरून मरावं."

मी विचारलं की मग पुढं काय, ज्याची गाडी आहे त्या परदेशी म्हाताऱ्याचा काय दोष? ती म्हणाली, त्याचा नाही. ती जोडी एकत्र यावी असं तिलाही वाटत होतं. सोपानला तिनं सांगून ठेवलं होतं की कर्णिक गेला की दुसऱ्या दिवशी त्या लोकांना कळव, इंजिन असं आहे, नानांचं नाव लिहिणार असाल तर घेऊन जा. "पण तो हाय तवर नाय. त्याला कळता कामा नाय."

तिनं उशाखालून पेपर काढून माझ्या हातात दिला. नाशिकचा नव्हे, मुंबईचा. सोपान रोज तिच्यासाठी आणायचा. आतल्या पानावरच्या निधनवार्ता मी तिला एकेक करून वाचून दाखवल्या. एक कर्णिक होत्या, पण बाई, गिरगावच्या.

"बाई नको," जिजी म्हणाली.

सुनेनं तिला रक्तदाबाची गोळी आणून दिली. ती तिनं औषधासारखी नाही, पैज लावल्यासारखी घेतली, पेला पूर्ण संपवून. मग माझा हात धरून म्हणाली, "मी आधी गेले तर तू वाचत जा." मी हो म्हणाले. मी उगाच म्हणत नाही ना, हे तिनं माझ्या तोंडाकडे बघून नीट तपासलं, आणि मग हात सोडला.

त्या पौषात जिजी गेली. मुंबईचा पेपर माझ्याकडे अजून येतो.